एक शहर, दोन लोकमते

औरंगाबादच्या हिमरू विणणाऱ्या कारागिराला मताचा अधिकार मिळाला तो १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. तोच अधिकार त्याच वेळी त्याच्या कारखानदाराला मिळाला, गावच्या देशमुखाला मिळाला, शेतमजुराला मिळाला आणि नुकतीच जहागीर गमावलेल्या नवाबालाही मिळाला. पाचही जणांच्या मताचे वजन एकच होते. ही गोष्ट आज आपल्याला इतकी साधी वाटते की तिचे मोल आपल्या लक्षात येत नाही.

ज्या युरोपकडून आपण संसदीय लोकशाही घेतली असे म्हणतो, तिथे हा हक्क असा एका दमात मिळालेला नाही. प्रशियात १८४९ पासून १९१८ पर्यंत मतदारांचे तीन वर्ग होते. भरलेल्या कराच्या रकमेवरून वर्ग ठरत असे आणि तिन्ही वर्गांच्या हाती सारखीच सत्ता असे. एसेन शहरात तोफांचे कारखानदार क्रुप यांचे पहिल्या वर्गातले एकटे मत हजारो कामगारांच्या मतांना भारी पडत होते. इंग्लंडमध्ये १८३२ च्या सुधारणेपासून १९२८ साली स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळेपर्यंत जवळपास शंभर वर्षे गेली. स्वित्झर्लंडमधल्या स्त्रियांना देशाच्या निवडणुकीत मत देण्यासाठी १९७१ साल उजाडावे लागले. युरोपातला कामगार आधी संघटित झाला, संपावर गेला, तुरुंगात गेला आणि मग मतपेटीपर्यंत पोचला. म्हणून मत हाती आले तेव्हा त्याचे काय करायचे हे त्याला बऱ्यापैकी ठाऊक होते. कामाचे तास, विमा, घर, शाळा या मागण्या त्याच्या मतासोबतच चालत आल्या.

आपल्याकडे उलटे झाले. मत आधी आले, संघटना मागे राहिली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच विसंगतीचा इशारा दिला होता. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, असे दुहेरी आयुष्य फार काळ चालू ठेवले तर राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, त्यांनी याच औरंगाबाद शहरात महाविद्यालय सुरू केले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. निजामी राजवटीत शिक्षणापासून दूर राहिलेला हा प्रदेश त्यांनी जाणूनबुजून निवडला होता.

प्रश्न असा आहे की सत्तर वर्षांहून अधिक काळ मत देऊनही त्या विणकराच्या नातवा-पणतवाच्या भाकरीचा प्रश्न या शहराच्या राजकारणात मध्यभागी का आला नाही? नेत्यांची फसवेगिरी हे एक उत्तर नेहमी दिले जाते. ते खरे असले तरी पुरेसे नाही. आम्हाला वाटते, याचे उत्तर लोकमत कसे घडते यात शोधले पाहिजे. या शहरात लोकमत एक नव्हतेच. ती दोन होती, दोन भाषांत घडत होती, आणि दोन्ही एकमेकांना भिऊन होती.

वर्गवार मत आणि 'अनल मलिक'

निजामी राज्यातला मतदानाचा एक प्रयोग आज जवळपास विसरला गेला आहे. १९३७ साली निजाम सरकारने दिवाण बहादूर अरवमुदू अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून १९३९ मध्ये सुधारणा जाहीर झाल्या. त्यात प्रदेशवार मतदारसंघांऐवजी हितसंबंधांवर आधारलेले प्रतिनिधित्व होते. जहागीरदार, पट्टेदार, कुळे, कामगार, व्यापारी, सावकार, वकील, डॉक्टर असे गट पाडून प्रत्येकाला जागा द्यायच्या होत्या. वरवर पाहता ही योजना आर्थिक प्रश्नाला हात घालणारी वाटते. कुळांचा प्रतिनिधी आणि कामगारांचा प्रतिनिधी, ही कल्पना वाईट नव्हती. पण मूठभर जहागीरदार आणि लक्षावधी कुळे यांना एकाच तराजूत बसवल्यावर तराजू कोणाकडे झुकणार हे उघड होते. शिवाय निवडून द्यायच्या जागा हिंदू आणि मुसलमान यांच्यात सारख्या वाटल्या होत्या. राज्यात मुसलमान होते एकूण लोकसंख्येच्या सुमारे आठवा हिस्सा. साहजिकच बहुसंख्य प्रजेला हा अन्याय वाटला. स्टेट काँग्रेसवर तर १९३८ मध्ये स्थापनेच्या वेळीच बंदी आली होती. बंदी उठल्यावर तिने या योजनेवर बहिष्कार टाकला.

मग निजामी राज्यातला सामान्य मुसलमान राज्यकर्ता होता काय? शहागंजमध्ये मागावर बसणारा, पिंजारी, बागवान, खाटीक, तांबोळी, अत्तार, मुलाणी, फकीर यांच्या घरात सत्तेचा कोणता वाटा येत होता? जहागिरी आणि मोठ्या नोकऱ्या थोड्या घराण्यांकडे होत्या आणि त्या घराण्यांत हिंदूही होते. पण १९२७ साली स्थापन झालेल्या इत्तेहादुल मुस्लिमीनने, विशेषतः बहादूर यार जंग यांच्या काळात, 'अनल मलिक' हा विचार मांडला. सत्ता निजामाची एकट्याची नसून प्रत्येक मुसलमान राजा आहे, असा त्याचा अर्थ. उपाशी विणकराला आपण राजे आहोत असे वाटायला लागले. त्याच्या पोटाचा प्रश्न शेजारच्या महार-मांग मजुराच्या किंवा कुळाच्या प्रश्नाशी जोडता आला असता. तो जोडला गेला जहागीरदाराच्या सिंहासनाशी. बहादूर यार जंग १९४४ मध्ये वारले. १९४६ मध्ये लातूरचे वकील कासीम रझवी इत्तेहादचे प्रमुख झाले आणि पुढचा रझाकारांचा इतिहास सर्वांना माहीत आहे.

या लोकमताला विरोध करणारे मुसलमान नव्हते असे नाही. मखदूम मोहिउद्दीन यांच्यासारखा उर्दू कवी कामगारांच्या संघटना बांधत होता. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. लोकमत घडवण्याची किंमत काय असते, हे या एका घटनेवरून कळते. पण मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या मराठी आठवणींत शोएबुल्ला खान क्वचित भेटतात आणि मुसलमान मोहल्ल्यांच्या आठवणींतही त्यांना फारशी जागा नाही.

एका घटनेला दोन शब्द

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत निजामाचे राज्य संपले. मराठी वृत्तपत्रांत आणि सरकारी समारंभांत त्याला मराठवाड्याची मुक्ती म्हणतात. मुसलमान घरांत त्याच घटनेला 'पोलीस ॲक्शन' म्हणतात आणि शिकल्या-सवरल्या उर्दू घरांत 'सुकूते हैदराबाद', म्हणजे हैदराबादचे पतन. एकाच घटनेला दोन शब्द असतील तर त्या शहरात दोन लोकमते आहेत असेच समजावे.

दोन्ही शब्दांमागे खरे दुःख आहे. रझाकारांनी गावेच्या गावे लुटली, माणसे मारली, हे खरे आहे. विलीनीकरणानंतर मुसलमानांवर सूड उगवला गेला, हेही तितकेच खरे आहे. पंडित नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाहणीसाठी पाठवले होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे त्यांनी नोंदवले आणि मृतांचा त्यांचा अंदाज २७ हजार ते ४० हजारांच्या दरम्यान होता. हा अहवाल सरकारने छापला नाही. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना पाहायला मिळू लागला. म्हणजे पासष्ट वर्षे त्या दुःखावर लोकमत बनलेच नाही. बनले ते फक्त कुजबुजीत, आणि कुजबुजीतून भीती वाढते, मागणी तयार होत नाही.

आर्थिक फटका यापेक्षाही दूरवर गेला. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. १९५० मध्ये कूळकायदा आला. हे दोन्ही निर्णय न्याय्य होते आणि कुळांच्या हिताचे होते. पण जहागीरदाराच्या देवडीवर पोसलेला नोकर, शिपाई, दर्जी, हिमरूचा विणकर यांचे काय, याचा विचार कोणी केला नाही. हिमरूचा ताणा सुती आणि नक्षीचा बाणा रेशमी. हे कापड मुख्यतः उमराव घराण्यांच्या शेरवान्यांसाठी आणि शालींसाठी विकले जाई. गिऱ्हाईकच गेल्यावर माग बंद पडू लागले. निजामाचे सैन्य मोडले. कचेऱ्यांतून उर्दू गेली आणि उर्दूवर पोट असलेला कारकून, मुन्शी, पेशकार निरुपयोगी ठरला. नवाबाकडे विकायला हवेली तरी होती. कारकुनाकडे काहीच नव्हते. राज्य गमावल्याची शिक्षा ज्यांच्याकडे राज्य कधी नव्हते त्यांनीच जास्त भोगली.

अशा मनःस्थितीत १९५२ चे मत पडले. आमच्या मते मुसलमानाचे ते मत संरक्षणाचे मत होते. घर शाबूत राहावे, दंगल होऊ नये, एवढीच त्याची अपेक्षा होती. जो जिवाची भीक मागतो तो मजुरीचा दर मागत नाही. पुढची पंचवीस-तीस वर्षे काँग्रेसला मिळालेले मुसलमानांचे मत याच जातीचे होते.

नवे शहर, जुने शहर

याचा अर्थ या काळात काहीच घडले नाही असा नाही. १९६२ मध्ये औरंगाबादहून विधानसभेवर निवडून आलेले डॉ. रफिक झकेरिया राज्यात मंत्री झाले. १९६३ मध्ये त्यांनी मौलाना आझाद महाविद्यालयाची संस्था उभी केली. सिडकोचे नवे औरंगाबाद आणि चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत यांच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा होता. १९८० मध्ये तर काझी सलीम यांच्यासारखा उर्दूचा आधुनिक कवी औरंगाबादचा खासदार झाला. त्या वेळी ही गोष्ट कोणाला विपरीत वाटली नाही.

१९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. मागोमाग सुट्या भागांचे अनेक कारखाने आले. खेड्यापाड्यांतून तरुणांचे लोंढे आले. एकीकडे सिडकोची आखीव घरे उभी राहिली आणि दुसरीकडे शहागंज, सिटी चौक, लोटा कारंजा, रोशन गेट, किराडपुरा हे भाग अधिकाधिक दाटत गेले. कारखान्यातली कायम नोकरी आयटीआय आणि मराठी-इंग्रजी कागदपत्रांच्या वाटेने मिळत होती. जुन्या शहरातला मुलगा गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात, फळांच्या गाडीवर, रिक्षावर राहिला. हातात हुन्नर होता, पण त्या हुन्नराला ना किमान वेतन होते, ना भविष्यनिर्वाह निधी.

मात्र याच प्रदेशाने आर्थिक प्रश्नावर एकत्र लोकमत घडल्याचे उदाहरणही पाहिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर दलित, मराठा, वंजारी, मुसलमान मजूर एकाच ठिकाणी खडी फोडत होते. मागेल त्याला काम हे तत्त्व त्या दुष्काळातून पुढे आले आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. जगात अशा कायद्याला फारसे पूर्वोदाहरण नव्हते. पुढे देशभरच्या रोजगार हमीची कल्पना यातूनच आली. अनंत भालेरावांच्या 'मराठवाडा' दैनिकाने आणि गोविंदभाई श्रॉफांच्या मराठवाडा विकास आंदोलनाने अनुशेष हा शब्द घराघरांत नेला. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने तो आकड्यांत मांडला. पण त्या अनुशेषात जुन्या औरंगाबादच्या मोहल्ल्यांचा अनुशेष धरलेला नव्हता. तो अनुशेष जिल्ह्यांचा होता, माणसांचा नव्हता. आणि उर्दू वाचणाऱ्या मोहल्ल्यानेही तो आपला प्रश्न मानला नाही. त्याची चर्चा मराठीत चालली होती.

नाव आणि पाणी

महानगरपालिकेची स्थापना १९८२ ची. पहिली निवडणूक झाली १९८८ मध्ये. तीत शिवसेना सर्वांत मोठा पक्ष ठरली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बाळासाहेब ठाकरे यांनी शहराचे नाव संभाजीनगर असल्याचे जाहीर सभेत घोषित केले आणि त्याच महिन्यात शहरात दंगल झाली. तिथून पुढे प्रत्येक निवडणूक नावावर लढली गेली. १९९५ मध्ये महापालिकेने ठराव केला, युती सरकारने पाऊल उचलले, प्रकरण न्यायालयात गेले आणि २००१ मध्ये काँग्रेस आघाडीच्या सरकारने तो निर्णय मागे घेतला. जून-जुलै २०२२ मध्ये दोन सरकारांनी एकापाठोपाठ निर्णय घेतले, फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आली, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने व सर्वोच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे.

नावाचा प्रश्न क्षुल्लक असतो असे आम्ही म्हणणार नाही. याच शहरातल्या विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे दलितांनी रक्त सांडले. पण त्या लढ्याचा एक धडा आपण घेतला नाही. ज्या चळवळीने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मागितले, तिनेच गायरान जमीन मागितली. १९६४-६५ चा दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह तिच्या मागे होता. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय तिने पदरात पाडून घेतला. तिथे नावाचा आणि भाकरीचा प्रश्न हातात हात घालून चालला. शहराच्या नावाच्या वादात दोन्ही बाजूंनी भाकरी बाजूलाच राहिली.

आणि पाणीही. हे शहर मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी म्हणून वसवले आणि नहरे अंबरीने त्याला पाणी दिले. आज पैठणचे जायकवाडी धरण सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. १९७६ मध्ये ते पूर्ण झाले. तरी वर्षानुवर्षे शहराला आठवड्यातून एकदा नळ येत राहिला. १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले, तेव्हा महापालिकेत निवडून आलेले सभागृहही नव्हते. एप्रिल २०२० मध्ये त्याची मुदत संपली होती आणि पुढची अनेक वर्षे प्रशासकच कारभार पाहत राहिला. टँकरच्या रांगेत सिडकोची बाई उभी असते आणि किराडपुऱ्याचीही. पण दोघींचे मिळून लोकमत होत नाही. मे २०१८ च्या दंगलीच्या वेळी तर नळजोडण्या तोडण्यावरून झालेला वाद हे एक कारण म्हणून सांगितले गेले. पाण्याचा प्रश्नसुद्धा आपल्याकडे जमातवादी होऊ शकतो.

मुसलमानांच्या बाजूनेही मताचे स्वरूप बदलले. संरक्षणाच्या मताची जागा स्वाभिमानाच्या मताने घेतली. २०१४ मध्ये एमआयएमचा आमदार झाला, २०१५ मध्ये ११३ पैकी २५ नगरसेवक निवडून आले, आणि २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या साथीने ४,४९२ मतांनी खासदार निवडून आला. २०११ च्या जनगणनेत शहरात मुसलमान सुमारे ३१ टक्के आणि बौद्ध सुमारे १५ टक्के होते. या दोन समाजांचे मत एकत्र आले तर काय घडते ते तेव्हा दिसले. पण ती बेरीज मतांची होती. रोजंदारीचा, घराचा, शाळेचा एकत्र जाहीरनामा तिच्यामागे उभा राहिला नाही, आणि ती युती त्याच वर्षीच्या विधानसभेपर्यंतही टिकली नाही.

युरोपातही आज हेच चित्र आहे. उत्तर फ्रान्समधल्या एनँ-बोमाँ या जुन्या खाणकामगारांच्या गावी कोळसा संपला, कारखाने बंद झाले आणि २०१४ मध्ये नगरपालिका अतिउजव्या पक्षाकडे गेली. ज्या गावाने पिढ्यान्पिढ्या डाव्यांना मत दिले, ते आता स्थलांतरितांवर, त्यातही मुसलमानांवर, राग काढणाऱ्यांना मत देते. खाण कोणी बंद केली हा प्रश्न मागे पडतो. संघटना मोडली की अनुभवी मतदाराचेही असे होते.

बिरादरीचा हिशेब

अंधारात एक उजेडाची वाट मात्र मराठवाड्यातूनच निघाली. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची संघटना बांधली. मंडल आयोगानंतर ती राज्यभर पसरली. दिलीपकुमार यांच्यासारखा कलावंत तिच्या व्यासपीठावर आला. मुसलमान म्हणून नव्हे, तर मोमीन, पिंजारी, बागवान, खाटीक, अत्तार म्हणून आमचे मागासलेपण मोजा, अशी ही मागणी होती. डिसेंबर १९९४ मध्ये राज्य शासनाने मुस्लिम बिरादऱ्यांना ओबीसी सवलतींचा मार्ग मोकळा करणारा निर्णय काढला. यासाठी दंगल झाली नाही, कोणाचे नाव बदलावे लागले नाही. हिंदू ओबीसी कार्यकर्ते सोबत होते.

या मागणीला पहिला विरोध घरातूनच झाला, हेही सांगितले पाहिजे. इस्लाममध्ये जात नाही, मग बिरादरीचे प्रमाणपत्र कशाला, असे अश्राफ मंडळी विचारत होती. धर्मात समता आहे हे खरेच. पण सोयरीक जुळवताना ती कुठे जाते? वक्फच्या जमिनी कवडीमोल भाड्याने कोणाकडे गेल्या? पाणचक्कीच्या आवारातच वक्फ मंडळाचे मुख्यालय आहे, पण फकीर बिरादरीच्या मुलाच्या वसतिगृहाची चर्चा मोहल्ल्याच्या लोकमतात किती वेळा होते? बाहेरच्या विषमतेवर बोलायचे आणि आतली झाकायची, असे केल्याने आपली मागणी अर्धी होते.

२००६ च्या सच्चर अहवालाने देशातल्या मुसलमानांची स्थिती आकड्यांत मांडली. राज्याच्या महमूदुर्रहमान समितीने २०१३ मध्ये महाराष्ट्राचा हिशेब दिला. लोकसंख्येत ११ टक्क्यांच्या आसपास असलेला समाज सरकारी नोकऱ्यांत साडेचार टक्क्यांच्या घरात होता. २०१४ मध्ये पाच टक्के आरक्षणाचा वटहुकूम निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणातल्या भागाला स्थगिती दिली नाही, तरी नव्या सरकारने कायदा केला नाही आणि तो वटहुकूम डिसेंबरमध्ये संपला. त्या वेळी जुन्या शहरात मोर्चे निघाले. पण मराठी वाचकांपर्यंत 'मुस्लिम आरक्षण' एवढेच शब्द पोचले. वेल्डिंग करणाऱ्याची मजुरी पोचली नाही.

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांवर येथे एक काम येऊन पडते. आम्ही दोन्ही मोहल्ल्यांची भाषा जाणतो. मुक्तिसंग्राम आणि पोलीस ॲक्शन हे दोन्ही शब्द आमच्या घरात बोलले जातात. सुंदरलाल अहवाल मराठीत मांडायचा तर त्याच लेखात रझाकारांचे अत्याचारही मांडले पाहिजेत. शोएबुल्ला खान मराठी वाचकाला सांगितले पाहिजेत आणि गायरानाचा लढा उर्दू वाचकाला. हिमरूच्या शेवटच्या मागांची, गॅरेजमधल्या पोराच्या रोजाची, टँकरच्या दराची नोंद मराठीत झाली पाहिजे, म्हणजे ती मुसलमानांची तक्रार न राहता शहराचा प्रश्न होईल. मताचा हक्क आपल्याला बाबासाहेबांच्या पिढीने दिला. त्या मतामागे उभे राहील असे एक लोकमत घडवणे अजून बाकी आहे, आणि ते निवडणुकीच्या महिन्यात घडत नाही. त्यासाठी मधली पाच वर्षे लिहावे, बोलावे आणि एकमेकांच्या मोहल्ल्यात जावे लागते.